वंशातला दमा, पोटातलं बाळ आणि बंद केलेला पंप

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्हाला कॉलेजात असल्यापासून दमा आहे. तुमच्या नवऱ्याला लहानपणी होता, तेराव्या वर्षाच्या सुमारास तो 'गेला'. सासूबाई दम्याच्या अटॅकमध्ये वारल्या. चार वर्षांच्या मुलीला प्रत्येक सर्दीबरोबर छातीत घरघर होते आणि तिच्या कोपराच्या खळग्यात इसब आहे. आता तुम्हाला पाचवा महिना लागलाय. 'आमच्या वंशातच दमा आहे' हे घरात रोज ऐकू येतं. एका लॅबने लाळेवरून दम्याची जनुकं सांगणारी तपासणी सुचवली आहे. तुम्ही विचारताय, दुसऱ्या बाळालाही दमा होणारच का, आणि ही तपासणी करून घ्यावी का. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की बाळाला स्टेरॉइड नको म्हणून तिसऱ्या महिन्यापासून पंप बंद केलाय आणि रात्री दोन-तीनदा उठून बसावं लागतं.

मी २६ वर्षं दक्षिण महाराष्ट्रात छातीचे आजार बघते आहे. माझ्या दृष्टीने तुमची ती शेवटची ओळ हाच पहिला प्रश्न आहे. वंशाचं उत्तर सविस्तर देते, पण त्याआधी हे वाचा.

रात्री धाप लागून उठून बसावं लागतंय याचा अर्थ दमा आटोक्यात नाही. पोटातल्या बाळाचा प्राणवायू तुमच्याच रक्तातून जातो. आटोक्यात नसलेल्या दम्यात आईचं बीपी वाढणं, बाळ दिवसांआधी जन्मणं, वजन कमी भरणं या गोष्टी जास्त दिसतात. उलट, श्वासातून घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडपैकी ब्युडेसोनाइडची गर्भारपणातली माहिती सगळ्यात जास्त उपलब्ध आहे. १९९९ साली स्वीडनमधल्या जन्मनोंदींतून अशा २,०१४ बाळांची माहिती तपासली गेली, ज्यांच्या आयांनी पहिल्या महिन्यांत हे औषध ओढलं होतं. त्यांच्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण इतर बाळांपेक्षा वाढलेलं आढळलं नाही. मात्रेचा विचार करा. पंपातून मिळतात २०० मायक्रोग्रॅम. अटॅक आल्यावर आम्हाला गोळीने जे स्टेरॉइड द्यावं लागतं ते असतं ४० मिलिग्रॅम. औषधं वेगळी आहेत, पण नुसत्या वजनाने बघितलं तरी हा २०० पटींचा फरक आहे, आणि पंपातलं औषध मुख्यतः श्वासनळ्यांतच काम करतं. म्हणजे पंप बंद करून तुम्ही बाळाला स्टेरॉइडपासून वाचवत नाही आहात, मोठ्या मात्रेच्या जवळ नेत आहात. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि पंप पुन्हा सुरू करून घ्या. बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या, म्हणजे तात्पुरता आराम देणाऱ्या पंपाने आराम पडत नसेल, तर फोनही करत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

गर्भारपणात दम्याचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश बायकांचा दमा बळावतो, एक तृतीयांशांचा कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. तुमची तब्येत मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमचा डोस किंवा औषधाचं नाव इथे सांगणार नाही. पंप बंद ठेवू नये, एवढं मात्र न पाहताही सांगते.

आता वंशाचं. तुमच्या घरच्यांचं म्हणणं चूक नाही. १९१६ साली न्यूयॉर्कमधल्या रॉबर्ट कुक आणि अल्बर्ट व्हँडर व्हीर या डॉक्टरांनी दमा आणि ॲलर्जीच्या ५०४ रुग्णांची घराणी तपासली, तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या घरात आधीही कोणालातरी असा त्रास असल्याचं दिसलं. पुढे जुळ्यांवर झालेल्या बहुतेक अभ्यासांत दम्यातला आनुवंशिक वाटा ५० ते ८० टक्के आला. पण हा आकडा ऐकून लोक समजतात की ८० टक्के म्हणजे माझ्या मुलाला दमा होण्याची शक्यता ८० टक्के. तसं ते नाही, आणि या एका गैरसमजापायी मी बरीच रडारड पाहिली आहे.

तुम्ही शेतकरी कुटुंबातल्या आहात म्हणून शेतातलंच सांगते. एका वाफ्यात मिश्र वाणाची ज्वारी पेरली. माती तीच, पाणी तेच, खत तेच. ताटं कमी-जास्त उंचीची आली, तर तो फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा म्हणावा लागेल. शंभर टक्के आनुवंशिक. आता तेच बियाणं अर्धं मुरमाड रानात टाका. तिथली सगळीच ताटं खुरटली. वाफ्यातला आकडा अजूनही खराच आहे, पण मुरमाड रानातली ताटं खुरटी का, हे तो सांगत नाही. आनुवंशिक वाटा म्हणजे एका ठिकाणच्या माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब. एका बाळाचं भविष्य त्यातून निघत नाही, आणि रान बदलून उपयोग नाही असाही त्याचा अर्थ होत नाही.

बाळाच्या शक्यतेचे आकडे वेगळे असतात, आणि ते बरेचसे पाश्चात्त्य देशांतून आलेले आहेत, म्हणून ढोबळच धरा. आई-बाप दोघांनाही दमा नसेल तर साधारण दहात एखाद्या मुलाला किंवा त्याहूनही कमी मुलांना दमा होतो. एकाला असेल तर चारात एकाला, दोघांनाही असेल तर दोनात एकाला. आईच्या बाजूचं वजन थोडं जास्त पडतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली हिशेब मांडला गेला, त्यात आईला दमा असेल तर शक्यता सुमारे तिप्पट आणि वडिलांना असेल तर सुमारे अडीचपट दिसली. तुमच्या नवऱ्याचा दमा 'गेला' असला तरी या हिशेबात तो धरायचा. लहानपणचा दमा वयात येताना शांत होतो हे खरं, पण प्रवृत्ती जात नाही, काहींना पुढे तिशी-चाळिशीत पुन्हा त्रास सुरू होतो. म्हणजे तुमच्या दुसऱ्या बाळासाठी शक्यता मोठी आहे, ती कमी करून सांगणार नाही. पण 'होणारच' हा शब्द चुकीचा आहे. दोनात एक म्हणजे दोनात एकाला होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका घरात एकसारखे जुळे मुलगे आहेत, आता दहावीत. जनुकं सारखीच, अंथरूण एक, डबा एक. एकाला पाचव्या वर्षापासून पंप लागतो, दुसरा शाळेच्या कबड्डी संघात खेळतो आणि त्याने कधी शिट्टीसारखा आवाज काढलेला नाही. दम्यात असं अगदी नेहमी दिसतं. दमा हा एका जनुकाचा आजार असता तर ते दोघे असे वेगळे झाले नसते.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा फुप्फुसांचा आणि पचनाचा आजार एका जनुकातल्या बिघाडाने होतो. ते जनुक ७व्या गुणसूत्रावर आहे आणि १९८९ साली सापडलं. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली की आजार, एकाकडूनच आली तर नाही. हिशेब सरळ, तपासणीही नेमकी. दम्याचं तसं नाही. २००७ साली १७व्या गुणसूत्रावर, ओआरएमडीएल३ नावाच्या जनुकाच्या आसपास, बालवयातल्या दम्याशी जोडलेले बदल सापडले, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं की आता कुलूप उघडणार. २०१० साली युरोपातल्या मोठ्या अभ्यासात दहा हजारांवर रुग्ण तपासले, आणखी काही ठिकाणं सापडली. त्यातली बरीचशी जनुकं श्वासनळीच्या आतल्या अस्तराशी आणि ते अस्तर दुखावल्यावर शरीराला इशारा देणाऱ्या रसायनांशी संबंधित होती. शास्त्र म्हणून हे फार मोलाचं ठरलं. त्याच इशाऱ्यांच्या साखळीतली रसायनं अडवणारी इंजेक्शनं आज गंभीर दम्यासाठी वापरात आहेत. पण हे सगळे बदल एकत्र धरूनही अमक्या बाळाला दमा होईल, तमक्याला नाही, हे सांगता आलं नाही. एकेका बदलाने शक्यता किंचित वाढते, आणि ते बदल दमा नसलेल्या कितीतरी लोकांतही असतात.

म्हणून त्या लाळेच्या तपासणीवर पैसे घालू नका. अहवालात 'जोखीम जास्त' आलं तर तुम्ही वर्षभर झोपणार नाही, 'जोखीम कमी' आलं तर घरातला धूर तसाच राहील. दोन्ही वेळा उपचारात काडीचाही फरक पडणार नाही. तुमच्या घराण्याचा इतिहास, जो तुम्ही फुकट आणि दहा ओळींत लिहून दिलात, तो त्या अहवालापेक्षा जास्त सांगतो.

फक्त हा इतिहास नीट विचारावा लागतो. 'घरात कोणाला दमा आहे का' असं विचारलं की माझ्या ओपीडीत निम्मी घरं 'नाही' म्हणतात. मग मी विचारते, सकाळी उठल्या उठल्या कोणाला दहा-बारा शिंका येतात का? लहानपणी कोणाला बाळदमा होता का? कोणाला वर्षानुवर्षं 'सायनस' आहे का? आजोबांचा तो थंडीतला खोकला कसा होता? कोणाच्या पायावर, मानेवर इसब होतं? मग हळूहळू आत्या निघते, मामा निघतो, आणि नेहमी खिशात सालब्युटामॉलच्या गोळ्या ठेवणारे पण 'मला दमा नाही' म्हणणारे काका निघतात. घराण्यात उतरते ती ॲलर्जीची प्रवृत्ती. ती एकाच्या नाकात दिसते, दुसऱ्याच्या कातडीवर, तिसऱ्याच्या छातीत. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिन या कातडीतल्या प्रथिनाचं जनुक बिघडलं की इसब होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि अशा इसबाच्या मुलांत पुढे दम्याचं प्रमाणही जास्त असतं. तुमच्या मुलीच्या कोपरातलं इसब म्हणून महत्त्वाचं आहे. त्याला 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नका.

विचारूनही खरं सांगितलं जात नाही, त्याला कारण आहे. मुलीचं लग्न व्हायचंय, दमा म्हटलं की स्थळ मोडतं. या भीतीपोटी डॉक्टरही शब्द बदलतात. माझ्या पहिल्या चार-पाच वर्षांत मीसुद्धा कागदावर 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' लिहायचे, कारण 'दमा' लिहिलं की आई रडायची आणि आजी उठून जायची. त्यातली एक मुलगी लग्नानंतर पंप लपवून ठेवायची, कारण तिला स्वतःलाच आपल्याला नेमकं काय आहे हे कधी सांगितलं गेलं नव्हतं. ती एकदा बेशुद्धावस्थेत आली. वाचली. त्यानंतर मी तो शब्द बदलणं सोडलं. सासूबाईंच्या मृत्यूबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की त्या 'फक्त त्रास झाला की निळा पंप' घ्यायच्या. तुमच्या घरात वंशपरंपरेने खरं काय चालत आलंय, याचं निम्मं उत्तर मला त्या वाक्यात दिसतं.

निळा पंप आवळलेली श्वासनळी चार-सहा तास सैल करतो. आतली सूज तो कमी करत नाही. नुसत्या निळ्या पंपावर राहणाऱ्या रुग्णाला बरं वाटत राहतं आणि आत सूज वाढत राहते, मग एखाद्या रात्री तो पंप पुरत नाही. म्हणूनच २०१९ सालापासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता निळा पंप देऊ नये, सोबत सूज उतरवणारं औषध असलंच पाहिजे, असं स्पष्ट म्हटलं आहे. भारतात दम्याचे जगातले सुमारे १३ टक्के रुग्ण आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. हा फरक जनुकांचा नाही. सूज उतरवणारा पंप घरात पोचत नाही, पोचला तर लपवला जातो, आणि 'पंपाची सवय लागते' या समजुतीने बंद केला जातो. सासूबाईंकडून तुमच्या नवऱ्याला काही जनुकं आली असतील, त्यांना आपण हात लावू शकत नाही. पण पंपाची ही धास्तीही त्याच घरातून पुढच्या पिढीकडे आली आहे आणि आता तिसऱ्या महिन्यात तुमच्यापर्यंत पोचली आहे.

तुमच्या मुलीबद्दल. चार वर्षांखालच्या प्रत्येक घरघरीला दमा म्हणू नये. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात १,२४६ बाळांना जन्मापासून पाहत गेले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती. कोणाची थांबेल आणि कोणाची नाही याचा अंदाज घ्यायला त्याच गटाने एक साधी पद्धत काढली. वारंवार घरघर होणाऱ्या मुलाच्या आई किंवा वडिलांना दमा आहे, किंवा मुलाला स्वतःला इसब आहे, यातलं एक जरी असलं तरी पुढे दमा राहण्याची शक्यता वाढते. सर्दी नसतानाही घरघर, ॲलर्जीची नाकातली सर्दी आणि रक्तात इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशी ४ टक्के किंवा अधिक, यातली दोन असली तरीही तसंच. तुमच्या मुलीत पहिल्या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून तिला 'मोठी झाली की जाईल' म्हणून वाट बघत न ठेवता बालरोगतज्ज्ञांकडून नीट उपचार सुरू करून घ्या असं मी सांगेन.

यातली मर्यादाही सांगते. अशा जास्त शक्यता असलेल्या लहान मुलांना दोन वर्षं स्टेरॉइडचा पंप देऊन मग बंद केला, असा एक चांगला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पंप चालू असेपर्यंत मुलांचा त्रास लक्षणीय कमी होता, बंद केल्यावर फरक उरला नाही. म्हणजे पंप प्रवृत्ती पुसत नाही. तो मुलाला झोपू देतो, खेळू देतो, शाळेत जाऊ देतो आणि अटॅक टाळतो. उंचीबद्दलही विचारलं जातंच: वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एक-सव्वा सेंटिमीटरने कमी भरली. मी हे प्रत्येक आईला सांगते आणि सोबत हेही सांगते की सतत अटॅक येणारं, रात्र रात्र न झोपणारं मूलही नीट वाढत नाही. पंप तोंडाला लावून ओढणं चार वर्षांच्या मुलीला जमणार नाही, स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, आणि मास्क लागेल. विकतचा परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही स्पेसर होतो. केपटाऊनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तपासून पाहिलंय, तो विकतच्याइतकाच काम करतो. तुमच्या डॉक्टरांकडून बनवून, वापरून दाखवून घ्या.

आणखी एक गोष्ट न पाहता गृहीत धरू नका. 'वंशातला दमा' म्हणून सगळ्यांनी मान डोलावली की कधीकधी वेगळाच आजार निसटतो. माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा आला होता, पाच वर्षं दम्याचे उपचार झालेले. वजन वाढत नव्हतं, शौचाला तेलकट आणि फार दुर्गंधीची होत होती, दोनदा न्यूमोनिया, बोटांची टोकं फुगीर. आई सहज म्हणाली, 'याचा मुका घेतला की खारट लागतो.' आई-बाप सख्खे आते-मामे भाऊ-बहीण. घामातलं मीठ तपासलं, सिस्टिक फायब्रोसिस निघाला. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, एकाच घराण्याची दडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता तिथे जास्त असते. तुमच्या मुलीत यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. पण जन्मापासून सतत ओला खोकला, वजन न वाढणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, हृदय उजवीकडे असणं, यातलं काही असेल तर तिथे जनुकीय तपासणीला खरा अर्थ आहे.

दुसऱ्या बाळासाठी काय करता येईल? इथे मला जगातली दोन ठिकाणं आठवतात. दक्षिण अटलांटिकमध्ये ट्रिस्टन द कुन्हा नावाचं बेट आहे, वस्ती तीनशेच्याही आत. सगळे एकोणिसाव्या शतकात आलेल्या मूठभर वसाहतकऱ्यांचे वंशज, आणि त्या मूळ माणसांत काही दमेकरी होते. टोरांटोच्या नोए झामेल यांनी तिथे तपासणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांत दम्याची काही ना काही चिन्हं सापडली. वंशाची ताकद बघायची तर तिथे. दुसरं ठिकाण अमेरिकेत. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज, दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातले, जनुकांची ठेवण बरीच सारखी, लग्नं आपापसात, राहणी साधी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दमा ५ टक्क्यांच्या आसपास होता, हटराइट मुलांत २१ टक्के. फरक काय, तर आमिश लोकांचे गोठे घराला लागून, घोडे-गाई हाताने सांभाळायच्या, मुलं रांगत्या वयापासून तिथेच. हटराइटांची शेती यंत्रांची, घरापासून दूर. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंचे अंश सुमारे सात पट जास्त निघाले. वंश सारखा असूनही एवढा फरक पडू शकतो.

यावरून कृपा करून बाळाला गोठ्यात नेऊन ठेवू नका, दमा सुरू झालेल्या मुलीला तर नाहीच. जन्माआधीपासून मिळालेला संपर्क वेगळा आणि कडब्याच्या धुळीत बसवलेलं दमेकरी मूल वेगळं. आणि गोठ्याचा हा फायदा बाटलीत भरून देणारं औषध अजून कोणाकडे नाही.

जे नक्की करता येतं ते कंटाळवाणं वाटेल असं आहे. घरात विडी-सिगारेट नको, अंगणातही नको, कारण कपड्यांतून ती आत येते. गर्भारपणात आईच्या शरीरात तंबाखू गेली तर बाळावर परिणाम होतो, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. घरात जाऊबाई किंवा तुम्ही मिश्री लावत असाल तर तुम्ही तरी आजच थांबवा. चूल असेल तर स्वयंपाक गॅसवर न्या, नाहीतर तुम्ही चुलीजवळ बसू नका. डासांची कॉइल बंद करा. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात असं मोजलं गेलंय, आणि आपण ती बाळाच्या पाळण्याखाली लावतो. मच्छरदाणी वापरा. देवघरातली उदबत्ती मुलीच्या झोपायच्या खोलीत नको, देवाला निरांजन पुरेल. पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बुरशी धरते ती पुसण्यापेक्षा गळती बुजवा. गाद्या-गोधड्या उन्हात टाका, पण झटकायचं काम तुमचं नाही. शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवणार असतील त्या दिवशी मुलीला घेऊन आत राहा, आणि शक्य असेल तर भावकीशी एकदा बोला. पाचट कुजवून जमिनीत घालणारे तुमच्याच तालुक्यात खूप झालेत.

धुराबद्दल एवढं लांबवलं त्याला जनुकांचंच कारण आहे. त्या १७व्या गुणसूत्रावरच्या बदलांबद्दल २०१३ साली असं दिसलं की ज्या मुलांना पहिल्या तीन वर्षांत सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने घरघर झाली, त्यांच्यातच त्या बदलांचा दम्याशी संबंध ठळक होता. म्हणजे जनुक एकटं काही करत नाही, त्याला बाहेरून काहीतरी भेटावं लागतं. विषाणू आपण पूर्ण थांबवू शकत नाही, पण सर्दी झालेल्याने बाळाला मुका न घेणं, हात धुणं, गर्भारपणात तुम्ही फ्लूची लस घेणं हे जमतं. अंगावरचं दूध शक्य तितके दिवस पाजा. त्याने दमा टळतो असं खात्रीने सांगणार नाही, पण पहिल्या वर्षांतल्या छातीच्या संसर्गांत आणि घरघरीत त्याचा फायदा दिसतो.

कोजागिरीच्या दुधातलं औषध किंवा मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळणं, याबद्दल घरात चर्चा होईलच. श्रद्धेवर मी वाद घालत नाही. गर्भारपणात मात्र ज्यात काय घातलंय हे माहीत नाही असं काहीही पोटात घेऊ नका, आणि कोणी 'हे घेतलं की पंप सोड' म्हणालं तर पंप सोडू नका.

आता पुढच्या तपासणीला जाताना दोन गोष्टी तुमच्या बाळंतपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या, कारण घाईच्या वेळी त्या सुटतात. एक, 'रुग्णाला दमा आहे, पंप चालू आहे, कळा सुरू झाल्यावरही बंद करू नये.' दोन, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं कार्बोप्रोस्ट हे इंजेक्शन दमेकरी बाईच्या श्वासनळ्या आवळू शकतं, आणि बीपीसाठी दिलं जाणारं लॅबेटालॉलही. दोन्हींना पर्याय आहेत, तुमच्या डॉक्टरांना ते माहीत आहेत, फक्त दमा आहे हे त्यांच्या डोळ्यांसमोर हवं. बाळंतपण माहेरी करणार असाल तर तिथल्या फाइलवरही हेच लिहून घ्या, आणि पंप ओटीच्या सामानात नाही, हातातल्या पिशवीत ठेवा.